पिको २ वर जाताना: चालता प्रकल्प न मोडता बोर्ड बदलण्याची रीत

रास्पबेरी पाय पिको २ या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या पिनांची मांडणी जुन्या पिकोसारखीच आहे. आकारही तोच, ५१ बाय २१ मिलिमीटर. नेमकं हेच साम्य घात करतं. जुना बोर्ड उपसायचा, नवा खोचायचा, जुनीच फाइल टाकायची आणि दिवा लागला नाही की नव्या बोर्डाला नावं ठेवायची, हे सर्रास चालतं. ज्यांचा दिवा लागतो त्यांचं बटण अडकतं, सर्वो (सांगितलेल्या कोनात फिरणारी मोटर) जरा वाकडा उभा राहतो किंवा जपून ठेवलेल्या सेटिंग्ज उडतात. तोवर बोर्ड, फर्मवेअर, वायरिंग आणि कोड अशा चारही गोष्टी एकदम बदललेल्या असतात, त्यामुळे दोष नक्की कुठे आहे याचा पत्ता लागत नाही.

म्हणून इथे भर क्रमावर आहे. जुन्या पिकोत आरपी २०४० ही चिप आहे आणि पिको २ मध्ये आरपी २३५०. पुढे त्यांना जुनी चिप आणि नवी चिप असंच म्हटलं आहे. याच चिपा वापरणारे इतर बोर्डही आहेत. तुमच्याकडे त्यातला एखादा असेल तर पायऱ्या ह्याच, फक्त पिनांचा नकाशा तुमच्या बोर्डाचा बघा.

## १. बदलायची गरज आहे का, ते आधी ठरवा

सगळ्यात आधी जाणवतो तो रॅमचा फरक. जुन्या चिपमध्ये २६४ किलोबाइट, नव्या चिपमध्ये ५२०. आकडा कोरडा वाटतो, पण ३२० बाय २४० पिक्सेलचा रंगीत डिस्प्ले घ्या. दर पिक्सेलला दोन बाइट धरले तर एका पूर्ण चित्राला १५० किलोबाइट लागतात. जुन्या चिपवर एक चित्र मावतं आणि बाकी सगळ्या कामाला शंभरेक किलोबाइट उरतात. लुकलुक टाळण्यासाठी दोन चित्रं एकाच वेळी मेमरीत ठेवायची म्हटली तर ती मावतच नाहीत. नव्या चिपवर दोन्ही ठेवून दोनशेहून जास्त किलोबाइट शिल्लक राहतात. मायक्रोपायथन (अशा बोर्डांवर चालणारं पायथन) वापरत असाल आणि मेमरी संपल्याची एरर वारंवार येत असेल, तर एवढं एक कारणही बोर्ड बदलायला पुरेसं आहे.

दुसरा फरक दशांशाच्या गणिताचा. जुन्या चिपमधले कॉर्टेक्स-एम०+ कोअर हे गणित सॉफ्टवेअरने करतात. नव्या चिपमधल्या कॉर्टेक्स-एम३३ कोअरना एफपीयू आहे, म्हणजे सिंगल प्रिसिजनचं गणित हार्डवेअरमध्येच होतं. आवाजाचे फिल्टर, एफएफटी, दोन चाकांवर तोल सांभाळणारा रोबो अशा कामात हा फरक मोठा पडतो. तापमान वाचून पंखा चालू-बंद करण्यात काहीच पडत नाही.

याशिवाय पीआयओची (कोअरला न गुंतवता पिना हलवणाऱ्या भागाची) स्टेट मशीन ८ वरून १२ झाली, डीएमए (कोअरच्या मदतीशिवाय डेटा हलवणारे) चॅनल १२ वरून १६ झाले, बोर्डावरची फ्लॅश २ मेगाबाइटवरून ४ वर गेली. एचएसटीएक्स नावाचा, फक्त बाहेर डेटा पाठवणारा वेगवान भागही नव्याने आला.

आता जाहिरातीतल्या आकड्यांबद्दल. नव्या चिपला ४८ जीपीआयओ (इनपुट-आउटपुटच्या पिना), ८ एडीसी (व्होल्टेज मोजणारे) चॅनल आणि २४ पीडब्ल्यूएम (सर्वो वगैरे चालवणाऱ्या पल्सचे) चॅनल आहेत असं वाचायला मिळतं. ते ८० पायांच्या मोठ्या रूपासाठी, म्हणजे आरपी २३५०बी साठी खरं आहे. पिको २ वर ६० पायांची आरपी २३५०ए असते. तिला ३० जीपीआयओ असतात आणि त्यांपैकी २६ बोर्डाच्या कडेला मिळतात. बाहेर वापरता येणारे एडीसी जुन्याइतकेच तीन. पीडब्ल्यूएमचे जादा चॅनल जीपीआयओ ३२ ते ४७ वर निघतात आणि त्या पिना या छोट्या रूपाला नाहीतच. चोवीस सर्वो चालवण्याच्या आशेने पिको २ घेतलात तर हाती जुनेच १६ चॅनल येतील.

काही गोष्टी तर बदललेल्याच नाहीत. यूएसबी पूर्वीसारखीच १२ मेगाबिटची आहे. यूएआरटी, एसपीआय, आयटूसी हे सेन्सर-डिस्प्ले जोडायचे मार्ग प्रत्येकी दोनच. वायफाय हवं असेल तर पिको २ डब्ल्यू वेगळा घ्यावा लागतो.

तपासणी: नव्या बोर्डाकडून काय हवं आहे ते एका वाक्यात लिहा. वाक्यात रॅम, दशांश गणित, पीआयओ, फ्लॅश किंवा व्हिडिओ यातलं काहीच आलं नाही तर जुना बोर्ड राहू द्या.

## २. जुना बोर्ड चालू असताना नोंदी घ्या

ही पायरी वगळायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण जुना बोर्ड काय करत होता हे कागदावर नसेल, तर नवा बोर्ड चुकतोय की बरोबर चालतोय हे ठरवायला तुमच्याकडे मापच नसतं.

लिहून ठेवा: क्लॉकची फ्रिक्वेन्सी (मायक्रोपायथनमध्ये ती थेट विचारता येते), मोकळी मेमरी, मुख्य लूपची एक फेरी किती मायक्रोसेकंदांत होते, आणि वापरात असलेल्या प्रत्येक पिनेचं काम. पिनेपुढे फक्त 'बटण' लिहून भागत नाही. ते बटण ग्राउंडला जोडलंय की ३.३ व्होल्टला, आतला पुल-अप (मोकळी पिन वर ओढणारा रेझिस्टर) वापरलाय की पुल-डाउन (खाली ओढणारा), हेही हवं. पाचव्या पायरीत सगळं यावरच अवलंबून आहे.

मायक्रोपायथन असेल तर बोर्डावरच्या सगळ्या फाइल्स कॉम्प्युटरवर उतरवा. त्या बोर्डाच्या फ्लॅशमध्ये असतात, नव्या बोर्डावर आपोआप जात नाहीत. सी मध्ये काम असेल तर एसडीकेची (पिकोसाठीच्या अधिकृत सी लायब्ररींच्या संचाची) आणि प्रत्येक लायब्ररीची आवृत्ती नोंदवा.

वायरिंगचा सरळ वरून फोटो काढा.

सामान फार लागत नाही. डेटा जाणारी यूएसबी केबल (फक्त चार्जिंगच्या केबलने अनेकांची संध्याकाळ वाया जाते), मल्टिमीटर, एक सुटं बटण, एक एलईडी, ४.७ किलोओहमचे काही रेझिस्टर आणि एक रिकामा ब्रेडबोर्ड.

सावधान: जुना बोर्ड पुसू नका आणि सोल्डर केलेला असेल तर काढूही नका. नवा बोर्ड वेगळ्या ब्रेडबोर्डवर उभा करा. दोन्ही शेजारी चालू ठेवता आले तर निम्मी शोधाशोध वाचते.

## ३. नव्या चिपची स्टेपिंग ओळखा

एकाच चिपच्या सुधारित आवृत्त्यांना स्टेपिंग म्हणतात. नवी चिप सुरुवातीला ए२ स्टेपिंगमध्ये आली आणि तिच्या इनपुट पिनांत एक दोष होता. दोषांच्या यादीत तो ई९ या क्रमांकाने येतो. ए४ स्टेपिंगमध्ये तो दुरुस्त झाला. दोन्ही प्रकारचे बोर्ड वापरात आहेत आणि लांबून ते सारखेच दिसतात.

भिंग घेऊन चिपवरचा छापील क्रमांक वाचा, स्टेपिंग त्याच्या शेवटी असते. किंवा बोर्ड बूटसेलमध्ये (फर्मवेअर भरायच्या अवस्थेत, रीत चौथ्या पायरीत) टाकून पिकोटूल या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रामकडून उपकरणाची माहिती मागवा. पिकोटूल जुनं असेल तर त्याला नवी चिप ओळखताच येत नाही, तेव्हा ते आधी अद्ययावत करा.

काहीच कळलं नाही तर चिप ए२ आहे असं धरून पुढे जा. ए२ साठी केलेली वायरिंग ए४ वरही नीट चालते. उलट केलं तर चालेलच असं नाही.

## ४. मोकळ्या बोर्डावर योग्य फर्मवेअर

अजून एकही वायर लावलेली नाही, हे पुन्हा बघा.

बूटसेल बटण दाबून धरा, केबल लावा, बटण सोडा. जुना पिको 'आरपीआय-आरपी२' नावाचा ड्राइव्ह दाखवतो, नवा 'आरपी२३५०' नावाचा. दोन्ही बोर्ड टेबलावर असतील तेव्हा हे नाव वाचायची सवय लावून घ्या.

जुनी यूएफ२ फाइल, म्हणजे ड्राइव्हवर टाकायची फर्मवेअरची फाइल, नव्या बोर्डावर चालत नाही. प्रत्येक यूएफ२ फाइलमध्ये ती कोणत्या चिप-कुटुंबासाठी आहे याची खूण असते. खूण जुळली नाही की बोर्ड फाइल स्वीकारत नाही आणि ड्राइव्ह तसाच उघडा राहतो. 'फाइल टाकली पण काहीच झालं नाही' ही तक्रार बहुतेक वेळा इथलीच असते. बोर्डाला काहीही झालेलं नसतं.

मायक्रोपायथनसाठी पिको २ ची स्वतंत्र फाइल उतरवा. पिको २ डब्ल्यूची आणखी वेगळी आहे. नव्या चिपमध्ये आर्म आणि रिस्क-व्ही असे दोन प्रकारचे कोअर आहेत, त्यामुळे फाइलच्या नावात तो फरकही दिसेल. सध्या आर्मचीच घ्या.

सी साठी पिको एसडीके २.०.० किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. सीमेकमध्ये (बिल्डची मांडणी करणाऱ्या साधनात) बोर्डाचं नाव पिको २ असं द्या आणि मग जुना बिल्ड फोल्डर पूर्ण पुसून नव्याने बनवा. हे दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे. सीमेक आधीचा बोर्ड त्या फोल्डरमध्ये लक्षात ठेवतं. तुम्ही नाव बदललंत तरी ते जुन्याच चिपसाठी कंपाइल करत राहू शकतं किंवा अर्थ न लागणाऱ्या एरर देतं. अर्डुइनोच्या वातावरणात असाल तर बोर्ड मॅनेजरमधलं पॅकेज अद्ययावत करून यादीतून पिको २ निवडा.

तपासणी: फक्त एलईडी लुकलुकवा. पिको आणि पिको २ वर एलईडी जीपीआयओ २५ ला आहे. पिको २ डब्ल्यूवर मात्र तो वायरलेस चिपला जोडलेला असतो, त्यामुळे २५ नंबरची पिन हलवून तो लागणार नाही. हे जमेपर्यंत पाचव्या पायरीकडे वळू नका.

## ५. पिना तपासा, मगच वायरिंग हलवा

ए२ स्टेपिंगमधला ई९ दोष असा. पिन इनपुट म्हणून ठेवली आणि आतला पुल-डाउन चालू केला, तर तिच्यावरचा व्होल्टेज एकदा वर गेल्यावर शून्यावर परत येत नाही. तो सुमारे २.२ व्होल्टवर लटकतो आणि चिप त्याला 'वर' समजते. कारण असं, की त्या अवस्थेत पिनेतून साधारण १२० मायक्रोअँपिअरपर्यंत गळती होते आणि आतला पुल-डाउन एवढा प्रवाह खाली ओढण्याइतका ताकदवान नाही.

व्यवहारात हे असं दिसतं: बटण ३.३ व्होल्टला जोडलंय, आतला पुल-डाउन वापरलाय. पहिल्यांदा दाबेपर्यंत सगळं ठीक. एकदा दाबलं की प्रोग्रामला बटण कायमचं दाबलेलंच दिसतं. कोडमध्ये चूक शोधत बसलात तर ती सापडणार नाही, कारण ती कोडमध्ये नाहीच.

स्वतः तपासून बघा. जीपीआयओ १५ इनपुट करा, आतला पुल-डाउन चालू करा आणि सेकंदाला एकदा तिची किंमत छापत राहा. एक जंपर ३.३ व्होल्टच्या पिनेत लावून दुसरं टोक क्षणभर १५ ला टेकवा आणि काढा. किंमत ० वर परतली तर चिप सुधारित आहे. १ वरच राहिली आणि मल्टिमीटरवर दोन व्होल्टच्या वर काही दिसलं, तर दोष आहे.

उपाय दोन. पहिला आणि चांगला: बटण ग्राउंडला जोडा, आतला पुल-अप वापरा आणि कोडमधली अट उलटी करा. पुल-अपला हा दोष लागू नाही. वायरिंग उलटवणं शक्य नसेल तर पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये बाहेरून ८.२ किलोओहम किंवा त्याहून कमी रेझिस्टर लावा. मी ४.७ वापरतो, तो डब्यात हमखास सापडतो. सी मध्ये तिसरी वाटही आहे: पिनेचा इनपुट बफर बंद ठेवायचा आणि वाचण्याच्या क्षणापुरता उघडायचा. पण पीआयओ पिन सतत वाचत असेल तर ही वाट उपयोगाची नाही.

दुसऱ्या पायरीतली पिनांची यादी आता पुढ्यात घ्या. आतला पुल-डाउन वापरणारी प्रत्येक ओळ संशयित. पुल-डाउनवर चालणारे बटणांचे मॅट्रिक्स कीपॅड इथे हमखास अडकतात. मोठ्या किमतीच्या रेझिस्टरने बनवलेला व्होल्टेज डिव्हायडर डिजिटल पिनेला जोडला असेल, तर तोही याच यादीत येतो. आयटूसीला मुळातच पुल-अप लागतात, तिथे काळजी नाही. ज्या सेन्सरचं आउटपुट स्वतः वर आणि खाली दोन्हीकडे ओढतं, त्याचीही नाही.

आता ५ व्होल्टबद्दल. नव्या चिपच्या डिजिटल पिना ५ व्होल्ट सहन करतात. अर्धवट वाचून बोर्ड जाळायला हे वाक्य पुरेसं आहे, म्हणून त्याच्या अटी:

- चिपला ३.३ व्होल्टचा पुरवठा चालू असतानाच. बोर्ड बंद असताना सेन्सरकडून ५ व्होल्ट आले तर ही सूट नाही.
- एडीसीच्या पिनांना, म्हणजे जीपीआयओ २६, २७, २८ ला ही सूट कधीच नाही.
- आउटपुट आजही ३.३ व्होल्टचंच आहे. ५ व्होल्टवर चालणाऱ्या डब्ल्यूएस२८१२ एलईडी पट्टीला डेटासाठी पुरवठ्याच्या ०.७ पट, म्हणजे ३.५ व्होल्ट लागतात. त्यामुळे ३.३ चे ५ व्होल्ट करणारा लेव्हल शिफ्टर काढून टाकू नका.

एचसी-एसआर०४ सारख्या अल्ट्रासॉनिक सेन्सरच्या एको पिनेवर आधीपासून डिव्हायडर असेल तर तो राहू द्या. १ आणि २ किलोओहमची जोडी ५ चे सुमारे ३.३ व्होल्ट करते. तिचा रोध कमी असल्यामुळे वरच्या गळतीचाही तिच्यावर परिणाम होत नाही. शिवाय तीच वायरिंग उद्या जुन्या बोर्डाला लावायची वेळ आली तर जुनी चिप वाचेल.

तपासणी: वायरी एकेक करून हलवा आणि प्रत्येकीनंतर फक्त तेवढ्या भागाचा छोटा प्रोग्राम चालवा. मुख्य प्रोग्राम अजूनही टाकायचा नाही.

## ६. वेळेचं गणित जुळवा

एसडीकेने जुन्या पिकोचा क्लॉक वर्षानुवर्षं १२५ मेगाहर्ट्झवर ठेवला होता. पिको २ चा १५० वर चालतो. म्हणजे १.२ पट. स्वतः हिशोब करून लिहिलेली प्रत्येक किंमत या गुणकाने सरकते.

सर्वोचं उदाहरण घ्या. पीडब्ल्यूएमचा भाजक आणि कमाल किंमत १२५ मेगाहर्ट्झ धरून कोडमध्ये थेट लिहिली असेल, तर ५० हर्ट्झचा सिग्नल ६० हर्ट्झ होतो आणि मध्यावर ठेवणारी १.५ मिलिसेकंदांची पल्स १.२५ ची होते. सर्वो फिरतो, आवाजही बरोबर येतो, फक्त मध्य चुकतो. मग लोक त्याचं हॉर्न काढून हाताने सरळ बसवतात आणि चूक तशीच आत राहते. पीआयओचा भाजक हाताने लिहिला असेल तर ८०० किलोहर्ट्झवर चालणारी एलईडी पट्टी ९६० वर जाते. काही पट्ट्या ते निभावून नेतात, काही भलतेच रंग दाखवतात.

दुरुस्ती सोपी आहे. कोडमध्ये १२५ हा आकडा शोधा. जिथे सापडेल तिथे चिपकडूनच चालू फ्रिक्वेन्सी विचारून भाजक काढा. मायक्रोपायथनमध्ये पीडब्ल्यूएमला किंवा स्टेट मशीनला फ्रिक्वेन्सी हर्ट्झमध्ये दिली असेल तर हा हिशोब आपोआप होतो. मिलिसेकंद-मायक्रोसेकंद थांबवणारी नेहमीची फंक्शन्स वेगळ्या टायमरवर चालतात, त्यांनाही हात लावायला नको.

रिकामा लूप फिरवून वेळ काढणारा कोड मात्र पूर्ण बदला. तिथे फरक १.२ पटीवर थांबत नाही, कारण एम३३ कोअर त्याच सूचना वेगळ्या गतीने पार पाडतो. डिस्प्लेच्या आणि तापमान सेन्सरच्या जुन्या लायब्ररींत असे लूप दडलेले असतात. डिस्प्लेवर मधूनच कचरा दिसू लागला तर आधी तिथे बघा.

तपासणी: हर्ट्झ मोजणारा मल्टिमीटर किंवा लॉजिक अॅनालायझर असेल तर दोन्ही बोर्डांच्या एकाच पिनेवरची फ्रिक्वेन्सी मोजा. जवळपास १.२ पट फरक दिसला तर एखादा १२५ अजून कुठेतरी उरलाय.

## ७. फ्लॅशमध्ये काय जपताय?

सेटिंग्ज फ्लॅशच्या शेवटच्या सेक्टरमध्ये ठेवण्याची पद्धत सी मध्ये फार रूढ आहे. नव्या चिपवर ती धोक्याची ठरते. ए२ च्या बूटरॉममधला आणखी एक दोष (ई१०) टाळण्यासाठी एसडीके यूएफ२ फाइलमध्ये एक जादा ब्लॉक घालतं. तो फ्लॅशच्या शेवटी जाऊन बसतो आणि शेवटचा ४ किलोबाइटचा सेक्टर पुसला जातो. प्रोग्राम उत्तम चालतो, पण ड्राइव्हवर नवी फाइल टाकली की साठवलेलं कॅलिब्रेशन गायब. उपाय एका ओळीचा: सेटिंग्ज एक सेक्टर खाली सरकवा.

फ्लॅशचा आकार २ मेगाबाइट असा कोडमध्ये लिहिलेला असेल तर तोही बदला, एसडीकेमधला आकाराचा स्थिरांक वापरा.

मायक्रोपायथनवाल्यांसाठी: आधीच कंपाइल केलेल्या एमपीवाय फाइलमध्ये नेटिव्ह कोड असेल तर ती नव्या कोअरसाठी पुन्हा बनवावी लागू शकते. साध्या पायथन फाइल्स जशाच्या तशा चालतात.

तपासणी: एक सेटिंग साठवा, तेच फर्मवेअर पुन्हा टाका, सेटिंग जागेवर आहे का बघा.

## ८. रजिस्टरला थेट हात घालत असाल तरच

एसडीकेची फंक्शन्स किंवा मायक्रोपायथनच वापरत असाल तर नवव्या पायरीवर जा.

थेट रजिस्टर लिहिणाऱ्यांना नवी चिप सुरुवातीला मेलेलीच वाटते, कारण रीसेटनंतर तिच्या पिनांचे पॅड 'आयसोलेशन'मध्ये असतात. तो बिट काढल्याशिवाय पिनेवर काहीच बाहेर येत नाही. इनपुट बफरही जुन्या चिपवर सुरुवातीपासून चालू असायचा, इथे तो बंद असतो. पिनेचं काम ठरवणारं एसडीकेचं फंक्शन हे दोन्ही उरकतं, म्हणून निदान पिनांपुरतं तरी तेच वापरा.

डीएमएच्या मोजणी रजिस्टरचे वरचे चार बिट आता मोड ठरवतात. 'कधीच संपू नये' म्हणून तिथे मोठ्यात मोठा आकडा लिहायची जुनी युक्ती आता वेगळ्या अर्थाने घेतली जाते: चॅनल खरोखरच अनंत चालतो. इंटरप्टचे आणि डीएमए विनंत्यांचे क्रमांकही बदललेत. आकडे लिहू नका, एसडीकेतली नावं लिहा.

जुन्या चिपमधला आरटीसी (तारीख-वेळेचं घड्याळ) नव्या चिपमध्ये नाही. त्याची जागा कायम चालू राहणाऱ्या एका टायमरने घेतली आहे. एसडीकेमधली एओएन टायमरची लायब्ररी दोन्ही चिपांवर चालते, आरटीसीची जुनी लायब्ररी नव्यावर कंपाइलच होणार नाही.

## ९. आता नव्या सोयी, एका वेळी एक

जुना प्रोग्राम नव्या बोर्डावर जुन्यासारखाच चालू लागला, आकडे दुसऱ्या पायरीतल्या नोंदींशी जुळले, मगच इथे या. बहुतेकांची सुरुवात इथूनच होते आणि गोंधळही इथूनच.

एफपीयूपासून सुरुवात करा, त्यात कमी कष्टात जास्त मिळतं. अडचण एवढीच की सी मध्ये ०.५ असं साधं लिहिलं तर ती किंमत डबल समजली जाते आणि पूर्ण गणित डबलमध्ये ढकललं जातं. डबलसाठी नव्या चिपमध्ये वेगळा मदतनीस कोप्रोसेसर आहे, तरी सिंगल प्रिसिजनची गती त्याला नाही. प्रत्येक दशांश स्थिरांकाला फ्लोटचा प्रत्यय लावा, आणि फ्लोटचं डबल होताना इशारा देणारा कंपाइलरचा पर्याय चालू करा. साइन, वर्गमूळ यांचीही फ्लोटची रूपं वापरा. मायक्रोपायथनमध्ये दुभाष्याचाच वेळ इतका जातो की एफपीयूमुळे सी मध्ये दिसते तेवढी उडी दिसत नाही.

एडीसी वापरत असाल तर काही न करता एक फायदा मिळतो. जुन्या चिपच्या १२ बिटांच्या एडीसीमध्ये ५१२, १५३६, २५६० आणि ३५८४ या वाचनांपाशी खाच होती, ती नव्या चिपमध्ये नाही. ती झाकण्यासाठी कोडमध्ये काही सुधारणा घातली असेल तर आता काढा, नाहीतर तीच चूक बनेल.

पीआयओचे जुने प्रोग्राम तसेच चालतात. नव्या सूचना वापरल्या की मात्र तो प्रोग्राम जुन्या बोर्डावर परत नेता येत नाही.

एचएसटीएक्स जीपीआयओ १२ ते १९ या आठ पिनांवरच निघतो. त्याने मॉनिटरला डीव्हीआय चित्र पाठवता येतं आणि पीआयओ दुसऱ्या कामाला मोकळा राहतो. पण डिस्प्ले किंवा बटणं आधीच या पिनांवर असतील तर ती हलवावी लागतील, म्हणून वायरिंग कायम करण्याआधीच याचा विचार झालेला बरा.

नवी चिप दुसरी मेमरी चिप, उदाहरणार्थ पीएसरॅम, जोडू देते. पिको २ वर ती बसवलेली नसते. मेगाबाइटमध्ये रॅम हवी असेल तर ती बसवलेला दुसरा बोर्ड घ्या, बाहेरून वायरी जोडून वेळ घालवू नका.

रिस्क-व्ही कोअर शिकण्यासाठी झकास आहेत. मात्र त्यांना एफपीयू नाही. बोर्ड घेण्याचं कारण दशांश गणित असेल तर आर्मवरच राहा.

सावधान: चिपमध्ये ८ किलोबाइटची ओटीपी मेमरी आहे. तिथला बिट एकदा १ झाला की पुन्हा ० होत नाही. सिक्युअर बूटची किल्ली चुकीची लिहिली तर बोर्ड कायमचा हातचा जातो. एखाद्या धड्यात ओटीपी लिहायची आज्ञा दिसली तर ती आधी फेकून देण्याच्या तयारीच्या बोर्डावर चालवा.

## १०. सोल्डर करण्याआधी

यूएसबी काढा आणि प्रकल्पाच्या खऱ्या पुरवठ्यावर बोर्ड सुरू करा, तोही पूर्ण थंड अवस्थेतून, पुन्हा पुन्हा. मोटर किंवा रिले असेल तर ते चालू होण्याच्या क्षणी बोर्ड रीसेट होतो का पाहा. बॅटरीवरचा प्रकल्प असेल तर झोपलेल्या अवस्थेतला करंट पूर्ण बोर्डाचा मोजा. चिप नव्या कमी-ऊर्जा अवस्थांत फार थोडा करंट घेत असली, तरी बोर्डावरचा रेग्युलेटर आपला वाटा घेतोच.

मग एक रात्र चालू ठेवा आणि सकाळी मोकळी मेमरी व लूपचा वेळ पुन्हा छापून बघा. मेमरी हळूहळू घटत असेल तर ती गळती जुन्या कोडमध्येही असणार. दुप्पट रॅममुळे ती आता उशिरा दिसते, एवढंच.

जुना पिको मोकळा झाला की त्यावर डीबगप्रोबचं (दुसऱ्या बोर्डातल्या चुका शोधायला मदत करणारं) फर्मवेअर टाका. दोन सिग्नलच्या वायरी आणि ग्राउंड नव्या बोर्डाच्या एसडब्ल्यूडी (डीबगिंगच्या) पिनांना जोडले की कोड ओळीओळीने थांबवून पाहता येतो. मात्र कॉम्प्युटरवरचं ओपनओसीडी हे डीबगिंगचं सॉफ्टवेअर नव्या चिपला ओळखणाऱ्या आवृत्तीचं हवं.